दोन रेघा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भूगोलाच्या सरांनी आम्हांला दोन देशांच्या वनक्षेत्राचा तुलनात्मक आलेख काढायला सांगितला. मी भारत आणि ब्राझील निवडले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालातले आकडे ग्रंथालयात बसून उतरवून घेतले. १९९० साली ब्राझीलमध्ये सुमारे ५,८८९ लाख हेक्टर जंगल होते. २०२० साली ते ४,९६६ लाखांवर आले. त्याच तीस वर्षांत भारताचे वनक्षेत्र ६३९ लाखांवरून ७२२ लाख हेक्टरांवर गेले. ब्राझीलने गमावलेले जंगल भारताच्या एकूण जंगलाहूनही मोठे! तिकडे गुरांच्या कुरणांसाठी आणि सोयाबीनसाठी ॲमेझॉनचे अरण्य तोडले गेले. त्यांची रेघ खाली घसरत होती, आपली हळूहळू वर चढत होती. मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. आमच्या चाळीच्या गॅलरीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे ते रान, आणि त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे तलाव. आलेख रंगवताना मी अधूनमधून तिकडे पाहत होतो. आपल्या देशात जंगल वाढते आहे, याचा तो मला पुरावाच वाटत होता.

नाताळच्या सुट्टीत गावी गेलो. संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाट्याचे तीन एकर रान होते. ऐन, किंजळ, जांभूळ, खाली करवंदीच्या जाळ्या. दोन वर्षांपूर्वी आजोबांनी ते जळाऊ लाकडाच्या ठेकेदाराला दिले. वडिलांचा कारखाना तेव्हा बंद पडला होता. त्या पैशांतून थोडे कर्ज फिटले, आणि उरलेल्यातून माझी कॉलेजची फी भरली गेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आता तिथे काजूची कलमे लावली आहेत, गुडघ्याएवढी.

मी आजोबांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि विचारले, "यात आपलं रान कुठं हाय?"

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मी भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल उघडला. तिथे वनाच्छादनाची व्याख्या होती. जमीन निदान एक हेक्टर हवी आणि तिच्या दहा टक्के भागावर तरी झाडांची सावली हवी; मग जमीन कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. उपग्रहाच्या चित्रावरून ही मोजणी होते. म्हणजे आमची काजूची कलमे वाढली की ते तीन एकर पुन्हा जंगलात जमा होतील!

पुढच्या खेपेला आजोबांना हे सांगितले. ते हसले. म्हणाले, "ती बाग रे. रान नव्हं. रानाचा पऱ्या शिमग्यानंतरही वाहायचा. औंदा पौषातच आटला."

आजोबांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. ज्या फीच्या पावतीवर मी वर्गात बसतो, ती पावती त्या ऐन-किंजळींचीच आहे. ब्राझीलमध्ये झाड तोडणाऱ्याच्या घरीही एखादा मुलगा शाळेत जात असेल. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक तृतीयांश जमीन वनांखाली आणण्याचे ध्येय ठेवले आहे. ते ध्येय योग्यच आहे. पण ते काजूने गाठायचे की ऐनाने, हे रेघ सांगत नाही.

आलेख सरांना दिला तेव्हा भारताच्या रेघेखाली मी एक ओळ लिहिली होती : 'या रेघेत बागाही आहेत.' सरांनी ती वाचली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आता ब्राझीलच्या रेघेखाली काय लिहायचं, तेही शोध."

ते अजून शोधतो आहे. गॅलरीतून डोंगर दिसतात. पूर्वी मी त्यांच्याकडे नुसता पाहत असे. आता तिथे कोणती झाडे आहेत, ते विचारत असतो.