पहिला हप्ता

उसने घेतलेले पैसे बोलल्या दिवशी परत करणारा मनुष्य आमच्या घरात फार थोर मानला जात असे. वडील वहीत अशा मनुष्याच्या नावापुढे तांबड्या शाईचा ठिपका देत. ही शिकवण आम्ही इतकी मनोभावे उचलली होती, की तिच्यापायी एका गरीब बाईचा धंदा आमच्या हातून बुडता बुडता राहिला.

आमचे मूळ गाव करमाळे तालुक्यात भीमेच्या काठी होते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले; त्याच्या पाण्याखाली काठची जी गावे गेली, त्यांत तेही गेले. ज्यांचे वाडवडील ज्वारी पिकवीत, त्यांपैकी काही घरे यशवंतसागरात कटला, रोहू, चिलापी धरू लागली. आमच्या घरात मासळी शिरत नाही. परंतु जुन्या गावातील एक बाई मासळीच विकते, आणि तिची व आमच्या सौभाग्यवतींची गट्टी जुनी आहे.

नवरा पहाटे जाळी काढी. काठावर व्यापारी उभाच असे. तो म्हणेल तो भाव. ऊन चढले की मासा नासतो, हे त्यासही ठाऊक. बर्फाची पेटी असती तर तीच मासळी टेंभुर्णीच्या बाजारी नेता आली असती. पेटी, तराजू व थोडा हातखर्च मिळून बारा हजार रुपये आम्ही तिला विनाव्याजी दिले, आणि आपल्या औदार्यावर खूषही झालो. अट एकच : पुढच्याच महिन्यापासून, एक तारखेस, हजाराचा हप्ता.

सात हप्ते बिनचूक आले. उन्हाळ्यात तिच्या घरी गेलो, तो पेटी ओसरीवर, आणि पेटीत ज्वारी!

“दादा, बरफाला रोज पैसं लागत्यात. बाजारात माल खपला तर खपला. मासा थांबंल बरफात, हप्ता कुठं थांबतुया?” असे म्हणून तिने चहा पुढे केला. एक तारीख चुकू नये म्हणून तिने पूर्वीच्याच व्यापाऱ्याचा रोकडा, कमी भाव पत्करला होता. आमचे पैसे आमच्याकडेच फिरून येत होते, एवढेच!

परतताना सौभाग्यवती म्हणाल्या, “लोणचे घातल्या दिवशीच बरणीत हात घालतात का?”

पुढे आमच्या वाचनात कोलकात्यातील एक प्रयोग आला. एरिका फील्ड, रोहिणी पांडे प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. लहान कर्ज घेणाऱ्या काही स्त्रियांचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी, तर काहींचा दोन महिन्यांनी ठेवला. सुमारे तीन वर्षांनी पाहता दुसऱ्या गटाचा आठवड्याचा नफा ४१ टक्क्यांनी अधिक भरला. कर्ज थकविणाऱ्याही त्याच गटात अधिक निघाल्या, हे लपवून चालणार नाही. सावकाराच्या मनास शांती देणारी व्यवस्था धंद्यास मानवेलच असे नाही. बांगलादेशात १९८३ साली स्थापन झालेल्या ग्रामीण बँकेमुळे आठवड्याच्या हप्त्याची रीत जगभर गेली. तिने पुष्कळांस प्रथमच कर्ज मिळाले, हे खरे. परंतु आज घेऊन उद्या फेडावयाचे म्हटले की मनुष्य धोक्याचा, पण नफ्याचा व्यवहार करण्यास धजत नाही. आमच्याच धरणाकाठी उसाच्या पीककर्जाची फेड ऊस तुटल्यावर होते. तेथे आठवड्याचा हप्ता मागण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. माशांना तेवढा न्याय का नसावा, न कळे.

असो. उरलेले पाच हप्ते आम्ही दिवाळीपुढे ढकलले, आणि आलेल्या पैशांतून तीन हजार परत नेऊन दिले. ते घेताना तिलाच संकोच वाटला, आम्हांसही वाटला. ज्वारी पेटीतून कणगीत गेली. दिवाळीनंतर दोन हप्ते वेळेवर आले, एक दीड महिना उशिरा आला. बाकीच्यांचा पत्ता नाही. मात्र तिने दुसरी पेटी घेतली आहे, असे सौभाग्यवती सांगतात. वडिलांची वही अद्याप घरात आहे. त्या नावापुढे तांबडा ठिपका द्यावा किंवा कसे, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.