नानांच्या पेपरात केटी

पर्यावरण हा विषय आपल्या हॉस्टेलवर कसा अभ्यासला जातो हे वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री मेसमधून आल्यावर कोणाची तरी झेरॉक्स शोधायची, बारा वाजेपर्यंत ती चार रूममध्ये फिरवायची आणि सकाळी 'निसर्ग वाचवणे ही काळाची गरज आहे' अशा अर्थाच्या वाक्याने पेपर संपवायचा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला. त्या न्यायमूर्तींना आपली झेरॉक्स बघायला मिळाली नाही हे बरंच झालं!

मीही त्यातलाच. फक्त माझ्याकडे एक वही होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी, त्यामुळे वहीत दोन कॉलम. डावीकडे प्रकाशसंश्लेषण, उजवीकडे फोटोसिंथेसिस. डावीकडे परासरण, उजवीकडे ऑस्मॉसिस. मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाच्या ट्रंकेत अशी एक वही असतेच. पुढे पुढे उजवा कॉलम पाठ होत गेला आणि डावा कोरा राहायला लागला. इंजिनिअरिंगला आल्यावर तर डावा कॉलम आखणंच सोडून दिलं. 'आता काय गरज?' असं वाटलं.

गरज कुठे पडली ते सांगतो.

दुसऱ्या वर्षी आम्हा चौघांना नदीच्या पाण्याचा मिनी प्रोजेक्ट मिळाला. मी शहाडचा, म्हणून नमुना आणायचं काम बिनविरोध माझ्याकडे आलं. ज्यांना शहाड माहीत नाही त्यांच्यासाठी : कसारा लाइनवर कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन. गाडी आंबिवलीकडे निघाली की खाली उल्हास नदी लागते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली, कर्जत-बदलापूरवरून आलेली. उन्हाळ्यात पुलावरून बघितलं तर पाणी दिसतच नाही, हिरवंगार मैदान दिसतं. ती जलपर्णी. पहिल्यांदा रूमवर आलेला मित्र म्हणाला होता, 'काय मस्त लॉन आहे रे!'

याच नदीचं पाणी शहाडला उचलतात आणि टेमघरला शुद्ध करून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाठवतात. ती यंत्रणा 'स्टेम' या नावाने ओळखली जाते. शहाडचा 'एस' आणि टेमघरचं 'टेम', एवढी साधी फोड. मी लहानपणापासून तो शब्द ऐकत होतो, पण त्यात माझं गाव लपलंय हे मला इंजिनिअरिंगला येईपर्यंत कळलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत गेलं की आपलं घरसुद्धा ओळखू येत नाही!

नमुना काढायला सोबत शेजारचे नाना आले. नाना मूळचे इथलेच, आगरी. आयुष्यभर कारखान्यात पाळ्या केल्या, पण जीव नदीत. सुट्टीच्या दिवशी खांद्यावर पाग टाकून निघायचे. त्यांनी जलपर्णी बाजूला सारून मला जागा करून दिली. मी बाटली पाण्यात बुडवून, आत बुडबुडा राहणार नाही अशी भरून, बूच लावून बर्फात ठेवली. नाना सगळं बघत होते. म्हणाले, "पान्यात काय सापडलं ते मना पन सांग." मी म्हटलं, "सांगतो की."

लॅबमध्ये बीओडी काढला. यातली एक गंमत मला फार आवडली. ही चाचणी मूळची ब्रिटनमधली. बाटली २० अंशाला ५ दिवस ठेवायची आणि पाण्यातल्या जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. ५ दिवस का, तर तिकडच्या नद्यांचं पाणी तेवढ्या वेळात समुद्राला पोचतं, असं सांगतात. आपल्याकडे पाणी गरम, जिवाणू जास्त चपळ. म्हणून भारतीय मानकात हीच चाचणी २७ अंशाला ३ दिवसांची केली. म्हणजे इथल्या हवेत आणताना परीक्षासुद्धा बदलावी लागली. शब्दांचं काय करायचं, हे मात्र त्या मानकात लिहिलेलं नव्हतं.

व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं, "युट्रोफिकेशन म्हणजे काय?" मी एका दमात व्याख्या म्हटली. त्यांनी मान हलवली, पंचवीसपैकी तेवीस दिले. रात्री टपरीवर पार्टी.

त्याच रविवारी घरी गेलो. नाना ओट्यावरच बसले होते. "काय रं, निघालं काय पान्यात?"

मी सुरुवात केली. "नाना, बीओडी जास्त आहे. न्यूट्रिएंट लोडिंगमुळे युट्रोफिकेशन होतं, मग डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन डिप्लीट होतो..." नाना मिनिटभर ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं बरं." आणि पाग विणायला लागले. हे 'बरं बरं' मी आधी ऐकलं होतं. ऑफिसातला साहेब फॉर्म परत करताना काहीतरी बोलतो तेव्हा नाना असंच म्हणतात. त्यांच्या लेखी मी त्या दिवशी साहेब झालो होतो. मंडळी, तेवीस मार्कांचा आनंद तिथेच संपला.

हॉस्टेलवर परत आलो तो थेट लायब्ररीत. आपल्या राज्याचं भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झालं आणि त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. इकॉलॉजीला परिस्थितिविज्ञान, इकोसिस्टिमला परिसंस्था, प्लँक्टनला प्लवक. आणि युट्रोफिकेशनला? सुपोषण. वाटलं, सापडलं! पुढच्या खेपेला गेलो आणि नानांना म्हटलं, "नदीचं सुपोषण झालंय."

आतून काकी ओरडल्या, "म्हंजे अंगनवाडीतल्या पोरांचं करतात तसं? मग चांगलंच झालं की!"

आम्ही तिघंही खूप हसलो. पण नंतर लक्षात आलं, की काकींचं चुकलं नव्हतं आणि कोशकाराचंही. ग्रीक भाषेत 'यु' म्हणजे चांगलं आणि 'ट्रोफी' म्हणजे पोषण. शब्दाचं भाषांतर अचूकच आहे. इंग्रजीसाठीही हे सगळे शब्द उसनेच आहेत. 'इकॉलॉजी' हा शब्द हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली केला, तो 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. 'प्लँक्टन' म्हणजे भटकणारे. आपण ते पाठ करतो म्हणून ते शास्त्रीय वाटतात, एवढंच.

मग मी दोन्ही कॉलम बाजूला ठेवले. म्हटलं, "नाना, नदीला अजीर्ण झालंय. तिला पचेल त्यापेक्षा जास्त खायला मिळतंय. सांडपाणी, साबणाचं पाणी, शेतातलं खत. ते खाऊन जलपर्णी माजते. ती मरून तळाशी जाते, कुजते. कुजवणारे जिवाणू पाण्यातली हवा खाऊन टाकतात. आपल्याकडच्या लिटरभर स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन असतो तोच मुळी ८ मिलिग्रॅमच्या आसपास. तो संपला की मासा गुदमरतो."

नाना सरसावून बसले. "तरीच! पाटंच्या टायमाला मासं वरती येऊन तोंडं उगरतान. ऊन परलं की परत खाली."

मी गप्पच झालो. पुस्तकात आलेख आहे : रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन मात्र चालू, म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी. तो आलेख मी रट्टा मारून काढला होता. नानांनी तो पागात पकडला होता. पुढे म्हणाले, "आता मरल तेवरी टिकते." तेही बरोबर. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवेतून श्वास घेऊ शकते. खाडीच्या पाण्याला तर आपल्याकडे भरती, सुकती, उधाण, भांग असे नेमके शब्द आहेत, आणि ते काही कोणत्या समितीने केलेले नाहीत.

मला वाटलं, सुटली एकदाची केटी! तेवढ्यात नानांनी पुढचा प्रश्न टाकला. "बरं, नदीला येवरं खायला कोन घालतं?"

या प्रश्नावर मी अडकलो. युट्रोफिकेशन 'होतं'. सुपोषणही 'होतं'. ते कोण करतं हे त्या शब्दात कुठेच नाही, म्हणून व्हायवात तसं कोणी विचारतही नाही. पण खायला घातलं म्हटलं, की घालणारा आलाच. कारखाने, शहरं, नाले अशी यादी मी सुरू केली. नानांनी मधेच थांबवून विचारलं, "आपल्या बिल्डिंगचा पाइप कंच्या गटारात जातो?"

मला माहीत नव्हतं. बाटली बर्फात घालून न्यायला शिकलेल्या मला, मी रोज आंघोळ करतो ते पाणी कुठे जातं हे माहीत नव्हतं. दोघे मिळून बघायला गेलो. बिल्डिंगच्या मागे गटार, गटारातून नाला, नाल्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या. नाल्याच्या कडेने जाता येईल तेवढं गेलो. उतार नदीकडेच होता. नाना काही बोलले नाहीत. येताना एवढंच म्हणाले, "म्हंजे आपन पन."

आता वहीत तीन कॉलम आहेत. तिसऱ्यात नानांचे शब्द. कोशातले शब्द मी टाकून दिलेले नाहीत. जलपर्णी हा शब्द पुस्तकी वाटतो, पण आज शहाडचा रिक्षावालाही तोच वापरतो. सुपोषणही कदाचित रुजेल. पण तोपर्यंत, एखादी व्याख्या घरी ओट्यावर बसून सांगता येत नसेल तर ती मला येत नाही, असंच मी धरतो. माझे अजून बरेच विषय बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात मेसच्या मामांना विचारलं, एवढ्या ताटांचं खरकटं पाणी जातं कुठे? मामा म्हणाले, "मागच्या नाल्यात. का रे?"

नाला पुढे कुठे जातो ते त्यांना माहीत नाही. रेक्टर सरांनाही नाही. रविवारी सकाळी आम्ही तिघं बघायला जाणार आहोत. कोणाला यायचं असेल तर रूमवर सांगा. झेरॉक्स मिळणार नाही.