थोरल्या आबांचा कागद

सातारा

चि. ताईस,


पाकीट पोचलं. मफलर तुझ्या काकूने लगेच ताब्यात घेतली, कागद माझ्या वाट्याला आले. तुझ्या शेजारीणबाईंच्या पणजोबांचं १८८१ च्या शिरगणतीतलं पान भिंगाखाली धरून वाचलं. नाव, वय, जन्मगाव, घरात कोण कोण, आणि धंद्याच्या रकान्यात पोलादाच्या कारखान्यातली मजुरी. शेफील्डमधला एक साधा कामगार आणि त्याची अख्खी कुंडली एका ओळीत! बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंस, "आपली माणसं बेफिकीर, कुणी काही लिहूनच ठेवत नाही," ते वाचून माझं डोकं फिरलं. ज्याची हयात तलाठ्याचं दप्तर वाहण्यात गेली त्याला हे लिहितेस? वर "काका, महिन्याभरात पणजोबा आबांचं सगळं काढून द्या" असा हुकूम! अगं, हा काय उत्पन्नाचा दाखला आहे?

लिहून ठेवलं नाही म्हणतेस, तर एकदा तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन ये. रुमालात बांधलेली दप्तरं छताला टेकलीत. कुणाचा बांध कुठवर, कुणी कुणाकडे काय गहाण टाकलं, कुणाच्या पश्चात वारस कोण, सगळं आहे. विहिरी मोजल्यात, आंब्याची झाडं मोजलीत. थोरल्या आबांच्या नावावर गुंठाभर जमीन असती तर फेरफार चाळून संध्याकाळपर्यंत तीन पिढ्या तुझ्या हातात ठेवल्या असत्या. जमीन नव्हती, तिथेच गाडं अडलं. सरकारला सारा भरणारा दिसतो, घाम गाळणारा दिसत नाही. नोकरीत असतानाही मी हेच म्हणायचो आणि तुझे वडील हसायचे.

आता तू विचारलंयस ते सांगतो. तुझे आजोबा तात्या म्हणायचे, पहिल्या प्लेगात आबा गुरं राखण्याएवढे होते आणि विलायतेची राणी वारली तेव्हा औत धरायला लागले होते. प्लेग मुंबईत शिरला १८९६ मध्ये, पुढच्या साली घाट चढून वर आला. राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये. म्हणजे आबांचा जन्म १८८७ च्या आगेमागे धर. ही राणी गादीवर बसली त्याच साली, १८३७ च्या जुलैपासून, तिकडे घरोघरच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली. आपल्याकडेही १८८१ पासून दर दहा वर्षांनी डोकी मोजली, पण छापले ते आकडे. घरोघरची नावं तुझ्यामाझ्या हाती लागत नाहीत.

आपल्याकडे बघायचं ते गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुतेक नसतंच, कारण बारशाआधीच नोंद झालेली. आईचं नाव शोधायच्या फंदात पडू नकोस. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हापासून या बुकांना सोन्याचा भाव आलाय आणि मोडी वाचणाऱ्यांना मोठा मान. धूळ झटकली गेली हे चांगलंच झालं. पण येणारा जातीचा रकाना तेवढा बघतो आणि पान मिटतो. शेजारच्या ओळीत एकाच आठवड्यात तीन पोरं गेल्याची नोंद असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. कागदाच्या कडा हाताला लागताच बिस्किटासारख्या तुटतात, तेवढं बघून माझाच जीव खालीवर होतो.

दुसरं, गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. आबा शाळेत गेले असतील तर 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना नीट वाचायचा. पुष्कळ पोरांपुढे तिथे 'गैरहजर' एवढंच असतं. तिसरा हेळवी. सुगीनंतर बैलावर बसून यायचा आणि घराण्याची नावं घडाघडा म्हणायचा, आठवतं? पण हेळवी ज्याच्या खळ्यावर धान्य मिळतं त्याची वंशावळ राखतो. आपल्या दारात तो चुलत घराण्याची नावं म्हणून पुढे जायचा.

आणि "सांगलीला चौकशी करा" काय लिहितेस! आबा किर्लोस्करांच्या कारखान्यात लागले तेव्हा सांगली जिल्हा होता कुठे? सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. किर्लोस्करवाडीचं माळरान औंध संस्थानचं. आणि आपलं गाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा निघाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. एका माणसाचा कागद किती कचेऱ्यांत विखुरला बघ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंगाने भरलेली जागा दिली आणि १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष उतरतं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना लोखंडी नांगर विकायचा होता! आबा तिथे ओतकामाला. ओलसर काळी वाळू चाळायची, पेटीत लाकडी नमुन्याभोवती ठोकून घट्ट बसवायची, नमुना अलगद उचलायचा, साचा ढासळू द्यायचा नाही आणि मग दोघांनी मिळून उकळतं बीड त्यात ओतायचं. हात थांबला तर माल फुकट, घाई झाली तर पाय फुकट. आबांच्या डाव्या पायावर बिडाचा थेंब पडल्याचा वण होता, तो तात्यांनी पाहिलेला. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या असं सगळे सांगतात. आबा तर "मी तोफेचा नांगर केलाय" म्हणून मिशीला पीळ द्यायचे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचे जुने अंक कुठल्या वाचनालयात मिळतात का बघतो. एखाद्या फोटोत मागच्या रांगेत उभे असतील.

पण हेही नशीबच म्हणायचं. आबांच्या आधी याच जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या डोंगरात, धावड लोक दगडातून लोखंड गाळायचे. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात त्यांची हकीकत आहे. तोवर धंदा बसला होता, कारण कोळशाला लाकूड मिळेना आणि बाजारात विलायती लोखंड स्वस्त. तिकडच्या भट्ट्या पेटत्या राहिल्या, इकडच्या विझल्या. पुस्तकात जमातीला जागा मिळाली. भाता ओढणाऱ्याचं नाव तिथे कोण घालणार?

तू म्हणशील काका भरकटले. भरकटलो नाही. गरिबाचं नाव कागदावर येतं ते त्याच्यावर काही कोसळलं तरच. तुझ्याच गावचं घे. ११ मार्च १८६४ च्या रात्री डेल डाइकचं धरण फुटलं, शेफील्डची अडीचशेच्या आसपास माणसं गेली. भरपाईच्या अर्जांत लोकांनी वाहून गेलेली भांडीकुंडी, कपडे आणि बुडालेली मजुरी लिहून दिली, म्हणून आज त्या कामगारांच्या घरात काय होतं ते कळतं. शेजारीणबाईंना सांग, त्या अर्जांत बघा. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली. तेव्हाच्या पंचनाम्यांत जी नावं चढली त्यांतली कितीतरी सातबाऱ्यावर कधीच नव्हती. मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेलेल्या आपल्या मराठी गिरमिट्यांचं नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलंय. ज्याला बोटीत घातलं त्याचा कागद झाला. जो गावात राबत राहिला तो कोराच.

आता मुद्द्याचं. आबांना शेवटी शेवटी रात्र रात्र बसून काढावी लागायची. घरात सगळे दमा म्हणायचे. शेफील्डला पात्यांना धार लावणारे दगडाच्या धुळीने तरुणपणीच जायचे, हे तिकडच्या डॉक्टरांनी राणीच्याच काळात लिहून ठेवलंय. वाळूच्या धुळीचंही तेच. आणि तुझा धाकटा भाऊ कुपवाडला ओतशाळेत कंत्राटावर आहे, हे तू सोयीस्कर विसरलीस. दिवाळीला आला तेव्हा जेवतानासुद्धा खोकत होता. विचारलं तर म्हणतो, "काका, हवा बदलली की होतं." पगार कंत्राटदार हातात देतो. चिठ्ठी नाही, सही कुठल्या वहीवर घेतात ते माहीत नाही, पीएफ कापतात का ते विचारायचं धाडस नाही. उद्या छातीत काही निघालं तर तू तिथे होतास याला पुरावा काय, असं विचारतील. सिलिकोसिस हा कायद्याने कळवायचा आजार आहे, पण ज्याचं नावच कुठे नाही त्याचं कोण कळवणार? परदेशात बसून पणजोबांची मुळं शोधतेस, कौतुक आहे. पाठच्या भावाचाही कागद होत नाहीये, तिकडे बघ.

तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. रविवारी फोन कर आणि त्याला पुढचं एवढं करायला लाव. कंत्राटदाराकडून पगाराची चिठ्ठी मागायची. हजेरीचं कार्ड असेल तर त्याचा फोटो काढून तुला पाठवायचा. छातीचा एक्स-रे काढायचा आणि तो घरी जपून ठेवायचा. भांडू नकोस, नाहीतर फोन ठेवून देईल. काकूची तब्येत ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. औंधला आणि शाळेत मी जाऊन येतो, आबांचं काही हाती लागलं तर कळवीन. धाकट्याचा पीएफचा यूएएन नंबर मात्र तुझ्या पुढच्या पत्रात आलाच पाहिजे.

तुझा,
काका