विचित्राची वही

प्रवासाला निघताना एक कोरी वही बरोबर घ्यायची, ही सवय मला विद्यार्थिदशेपासून आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याहून पंजाबातील घुमानपर्यंत मोटारीने गेलो, तेव्हाही ती होतीच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये घुमानला ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. मला जाता आले नव्हते आणि नामदेवांच्या त्या गावाला आपण गेलो नाही ही रुखरुख मनात राहून गेली होती. इतिहास शिकवणारे माझे एक निवृत्त सहकारी बरोबर यायला तयार झाले. विमानाने अमृतसर गाठणे सोपे होते; पण नामदेव ज्या भूमीवरून चालत गेले ती निदान चाकांखालून तरी जावी, असा आमचा थोडासा भाबडा हट्ट होता.

वहीच्या पहिल्या पानावर मी शीर्षक लिहिले होते : 'विचित्र'. रस्त्यात जे जे चमत्कारिक दिसेल ते टिपायचे आणि परतल्यावर त्यावर एक खुसखुशीत लेख लिहायचा, असा बेत होता. पहिले दोन दिवस नोंदी फार मोलाच्या नव्हत्या. मेहसाण्याच्या अलीकडे रस्ता कर्कवृत्त ओलांडतो, म्हणून आम्ही दोघे प्रौढ माणसे खिडकीबाहेर माना काढून पाटी शोधत राहिलो. पाटी काही दिसली नाही. आपण उष्ण कटिबंधातून बाहेर कधी पडलो ते आम्हाला कळलेच नाही. ही नोंद मी लिहिली आणि स्वतःवरच खूष झालो.

तिसऱ्या दिवशी पालीहून जोधपूरकडे निघालो. वीसेक किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग दिसली. चालकाने न विचारताच गाडी थांबवली. या रस्त्याने जाणारा कुणीही इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही, असे तो म्हणाला. हे ओम बन्नाचे ठाणे. 'बन्ना' हा तिकडे तरुण राजपुतासाठी वापरायचा आदराचा शब्द. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमसिंह राठोड नावाचा एक तरुण येथे मोटारसायकल झाडावर आदळून मरण पावला. आख्यायिका अशी की, पोलिसांनी त्याची बुलेट ठाण्यात नेऊन ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती अपघाताच्या जागी उभी. पुन्हा नेली, टाकीतले पेट्रोल काढले, साखळदंडाने बांधली. तरी ती परत तिथेच. अखेर लोकांनी तिथेच तिची स्थापना केली.

ती साडेतीनशे सीसीची रॉयल एनफिल्ड बुलेट चौथऱ्यावर, काचेच्या आड उभी आहे. आरएनजे ७७७३ हा तिचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो. तिला हार घातलेले असतात. शेजारच्या झाडाला लाल धागे गुंडाळलेले. भक्त नैवेद्य म्हणून मद्याची धार धरतात. रस्त्यावर मद्याने जे घडते ते ठाऊक असलेल्या माणसाला हे दृश्य पचवणे सोपे नाही. ढोलक वाजत होता, धूप दरवळत होता. माझ्या वहीला याहून चांगला मजकूर कुठला मिळणार? मी तिथेच उभा राहून लिहू लागलो. क्रमांक लिहिला. आणि त्याखाली, काय लिहितो आहे हे लक्षात येण्यापूर्वीच, हाताने दुसरा एक क्रमांक लिहिला.

तो माझ्या धाकट्या भावाच्या राजदूतचा होता. तीस वर्षांत तो मी एकदाही उच्चारला नव्हता. पावसाळ्यातल्या एका रात्री सातारा रस्त्यावर तो गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पंचनामा झाला, पुढचे सगळे सोपस्कार झाले आणि काही महिन्यांनी गाडी घेऊन जाण्याविषयी निरोप आला. वडील म्हणाले, "ती गाडी या दारात येता कामा नये." आई काही बोलली नाही. घरात ज्याला कागदपत्रे कळत होती तो मीच. पण मीही गेलो नाही. चौकीच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या इतर गाड्यांच्या ढिगात ती गंजत राहिली. एस.टी.तून त्या रस्त्याने जाताना मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बसत असे. पुढे ते आवारच साफ झाले.

आख्यायिकेतली गाडी साखळदंड तोडून आपल्या जागी परत येते. आमची गाडी परत आली नाही, याचे कारण तिला आणायला कुणी गेले नव्हते. पालीच्या त्या रस्त्यावर हे मला एखाद्या साध्या हिशेबासारखे कळले. मी वही मिटली आणि गाडीत जाऊन बसलो. सहकाऱ्यांनी काही विचारले नाही; त्यांचे हे मौन मला आजही आठवते.

संध्याकाळी जोधपूरला चहा पिताना ते आपण होऊन बोलू लागले, पण बोलले इतिहासाविषयी. राजस्थानात गावासाठी, गाईगुरांसाठी लढताना पडलेल्या पुरुषाचा 'भोमिया' देव होतो. पाबूजीची कथाही अशीच, गाईंच्या रक्षणासाठी मेलेल्या वीराची. आपल्याकडच्या वीरगळांचेही तेच. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि त्याची गुरे, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य. ते म्हणाले, "सर, घोड्याच्या जागी बुलेट आली एवढाच फरक. अकाली मेलेल्या तरुणाचं काय करायचं, हा प्रश्न जुनाच आहे."

मी त्यांना अडवले. वीरगळातला माणूस कुणासाठी तरी मेला. हा मुलगा तर नुसताच मेला. त्यात कसले शौर्य? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आठवण करून दिली की, आपण ज्यांच्या गावाला निघालो आहोत त्या नामदेवांचा विठोबाही मुळात वीरगळ असावा, असा तर्क देल्यूरी यांनी 'द कल्ट ऑफ विठोबा' (१९६०) या ग्रंथात मांडला आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ धनगर-गवळ्यांच्या दैवतात शोधले. हे मी वर्गात शिकवलेले होते. विद्यार्थ्यांनी टिपूनही घेतले होते. परंतु त्या तर्काचा अर्थ असा होतो की, कोणे एके काळी कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ घरी परतला नाही आणि ज्यांना ते सोसवेना त्यांनी दगड उभा केला, हे मला कधी जाणवले नव्हते. माझ्या आक्षेपाला हे उत्तर नव्हते. पण आक्षेप घेण्याचा माझा उत्साह ओसरला.

पुढचा मुक्काम बिकानेरच्या अलीकडे, देशनोकला. करणीमातेच्या देवळात हजारो उंदीर मोकळे हिंडतात. त्यांना 'काबा' म्हणतात. महाराजा गंगासिंहांच्या काळातली संगमरवरी दर्शनी बाजू, चांदीचे दरवाजे आणि आत दुधाच्या परातींच्या काठावर ओळीने बसलेले उंदीर. अनवाणी पायांवरून एक गेला तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला, हे कबूल करतो. पांढरा उंदीर दिसणे भाग्याचे मानतात. आम्हाला दिसला नाही. कथा अशी की, करणीमातेचा मुलगा लक्ष्मण कोलायतच्या सरोवरात बुडाला. तिने त्याला यमाकडे परत मागितले. तेव्हापासून तिच्या कुळातले चारण मेल्यावर यमाकडे जात नाहीत. ते उंदीर होतात आणि उंदीर मेला की पुन्हा चारणाच्या घरी जन्म घेतो. चारण म्हणजे राजस्थानचे कवी, वीरांच्या कथा गाणारे. सहकारी मला म्हणाले, "मराठीच्या प्राध्यापकांनी इथे सांभाळून चालावं. प्रत्येक पावलाखाली एक कवी आहे." पालीनंतर प्रथमच आम्ही हसलो. पण त्या कथेच्या बुडाशीही पाण्यात बुडालेले एक मूल होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

पंजाबात, जालंधरच्या आसपासच्या दोआबात, घरांच्या गच्च्यांवर विमाने उतरलेली दिसतात. जवळ गेल्यावर कळते की त्या सिमेंटच्या पाण्याच्या टाक्या आहेत. कुठे विमान, कुठे फुटबॉल, कुठे गरुड, कुठे जहाज. परदेशी गेलेल्या मुलांच्या पैशातून उभी राहिलेली ही घरे. खाली कित्येकांना कुलूप. तल्हणच्या गुरुद्वारात त्या दिवसांत लोक खेळण्यातली विमाने वाहत होते. परदेशाचा व्हिसा मिळावा म्हणून हा नवस. दरबाराबाहेरच्या दुकानांत निरनिराळ्या विमान कंपन्यांची नावे रंगवलेली विमाने टांगलेली होती. माझ्यापुढे रांगेत एक बाई होत्या. पदराखाली विमान धरून उभ्या होत्या, जसे लहान मूल धरावे तसे. त्या स्वतः जाणार नव्हत्या हे उघड होते. मुलाने जावे असा त्यांचा नवस होता. म्हणजे गच्चीवर विमान आणि खाली कुलूप, हे त्या मागत होत्या. मी वही काढली नाही.

घुमानला पोहोचलो तेव्हा धुके उतरत होते. नामदेवांनी आयुष्याची बरीच वर्षे पंजाबात काढली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. 'बाबा नामदेवजी' म्हणून त्यांचा तिथे जो आदर आहे, तो पाहिल्यावर आपण त्यांना किती कमी ओळखतो याची लाज वाटते. आपल्या परंपरेनुसार शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला ते पंढरपूरच्या महाद्वारात पायरी होऊन समाधिस्त झाले. घुमानच्या परंपरेनुसार त्यांनी देह ठेवला तो इथे. इथली मोठी यात्रा माघाच्या आरंभी, कडाक्याच्या थंडीत भरते. एका माणसाच्या दोन समाध्या, दोन तिथी. संशोधक या प्रश्नावर भांडत आले आहेत आणि भांडणे आवश्यकही आहे. मी मात्र त्या संध्याकाळी एवढेच पाहिले की, दोन्हीकडच्या लोकांनी ते आपल्याचपाशी थांबले असे म्हटले. पाठवून द्यायला कुणीच तयार झाले नाही.

संस्कृतात 'विचित्र' म्हणजे नाना रंगांचे, आश्चर्यकारक, सुंदरही. मराठीत येताना त्या शब्दाचे रंग उडाले आणि फक्त वेडेवाकडेपण उरले. वहीवरचे शीर्षक मी खोडले नाही. त्याचा जुना अर्थ तेवढा मनाशी धरला. मद्याचा नैवेद्य मला आजही पटत नाही, उंदरांचे उष्टे मी खाल्ले नाही आणि खेळण्यातल्या विमानाने व्हिसा मिळतो असेही मी मानत नाही. पण ज्या ठिकाणी मी हसायला उभा राहिलो, त्या प्रत्येक ठिकाणी कुणाचे तरी कुणी गेलेले होते किंवा जायचे होते, हेही खरे आहे. तो खुसखुशीत लेख लिहायचा राहिला तो राहिलाच.

परतल्यावर आईने विचारले, काय काय पाहिलेस? तिचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. मी उंदरांचे सांगितले, ती 'ई' म्हणाली. गच्चीवरच्या विमानांचे सांगितले, ती खूप हसली. नामदेवांच्या दरबाराचे सांगितले, तिने हात जोडले. पालीचे मी सांगणार नव्हतो. पण सांगून बसलो. मुलगा, झाड, पोलीस ठाणे, परत आलेली गाडी. ती ऐकत होती. बराच वेळ हातातली वात वळत राहिली. मग म्हणाली,

"उन्हापावसात नाही ना रे ठेवली ती गाडी? वर छप्पर आहे?"

"आहे," मी म्हणालो. "काचही आहे."