जामीन कोण?

गैबी चौकातून एखादी पोलो जीटी गेली की आमच्यातला धाकटा बोलता बोलता थांबतो. आम्ही दोघे भाऊ. थोरला कागलजवळच्या उर्दू शाळेत मास्तर, धाकटा पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर. धाकट्याला गाडीचं वेड लहानपणापासूनचं. अब्बांचं हायवेला गॅरेज होतं, त्यामुळे ग्रीसचा वास आम्हाला दुधाच्या वासाइतकाच जुना.

स्पोर्ट्स कार म्हटली की मोठ्या शहरातल्या लोकांना फेरारी आठवत असेल. आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली स्पोर्ट्स कार म्हणजे चाकणला तयार झालेली पोलो. २०१३ साली तिचं जीटी टीएसआय मॉडेल आलं. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. २०२२ साली भारतात पोलो बनणंच थांबलं. म्हणजे घ्यायची तर जुनीच. धाकट्याने कोल्हापुरात २०१७ ची एक पाहून ठेवली. त्याच्या बचतीत पैसे कमी पडत होते. अम्मीने उमराहसाठी साठवलेल्या पैशांतून भर घातली. "पुढच्या साली परत दे," एवढंच म्हणाली. तिथून आमची झोप उडाली.

कारण गाडीचं खरं भय गिअरबॉक्समध्ये आहे. त्यात दोन कोरडे क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एकावर गाडी चालू असताना पुढचा गिअर तयार बसलेला असतो. म्हणूनच ती अशी झटक्यात पळते. हे सगळं चालवतो मेकॅट्रॉनिक नावाचा डबा. इलेक्ट्रॉनिक्स आणि तेलाचा दाब एकाच जागी. तो गेला की गाडी जागची हलत नाही. याच गिअरबॉक्सपायी २०१३ साली चीनमध्ये कंपनीला तीन लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रीने त्या डब्याचा खर्च सांगितला तेव्हा धाकट्याने चहाचा कप खाली ठेवला.

विक्रेत्याने वाढीव वॉरंटीचे दोन कागद पुढे केले. स्वस्तातला आणि महागातला. धाकट्याला स्वस्तातला पसंत. "इंजिन, गिअरबॉक्स दोन्ही आहे की त्यात!" थोरल्याने लाल पेन घेतलं. परीक्षेचे पेपर तपासायची सवय अशी कामाला आली. चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं की इलेक्ट्रॉनिक भाग वगळले आहेत. म्हणजे गिअरबॉक्स आत आणि त्याचा मेंदू बाहेर! महागातल्या कागदात मेकॅट्रॉनिक होतं. पण क्लच झिजणारा भाग म्हणून बाहेर, आणि एका दुरुस्तीला रकमेची मर्यादा. शिवाय सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदी हव्यात. गाडीच्या वहीत २०२१ चा शिक्काच नव्हता.

रात्री हे सगळं अम्मीला उर्दूत समजावून सांगायची वेळ आली. वॉरंटीला शब्द सुचला जमानत. मराठीतला जामीन त्याच घराण्यातला. पण जामीन म्हणजे माणूस. तो समोर उभा राहतो. अम्मीने बरोबर तिथेच बोट ठेवलं, "खराब हुई तो कौन भरता रे? उसका नाम बोल."

नाव आम्हाला सांगता येईना. अब्बा काम करून गाडी देताना म्हणायचे, "पंधरा दिवसांत काही झालं तर घेऊन या." पावतीही नसायची. एकदा तर रात्री अकराला निपाणीहून ट्रक परत आला होता आणि ते जेवणावरून उठून गेले होते. अर्थात ते गिऱ्हाइकाला ओळखायचे आणि गिऱ्हाईक त्यांना. आम्ही ज्याच्याकडून गाडी घेत होतो त्याला आमचं आडनावसुद्धा धड लिहिता आलं नव्हतं. शरीयतमध्ये मालातला ऐब लपवला तर गिऱ्हाइकाला सौदा मोडायचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आणि नेमकं काय विकलं हेच धूसर राहील असा सौदा मना आहे. थोरल्याच्या मनात हेच घोळत राहिलं. पैसे जाण्याचं दुःख वेगळं, पण कशाचे पैसे देतोय हेच कळू नये?

दुसऱ्या दिवशी आम्ही विक्रेत्याला म्हटलं, महागातलाच कागद घेतो. पण २०२१ ची नोंद नसली तरी दुरुस्ती नाकारणार नाही हे वॉरंटी देणाऱ्याकडून लेखी आणून द्या. "साहेब, तसं चालतं हो, कोण बघतंय!" तो हसला. आम्ही हसलो नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं खरं, पण तिथे "चालतं हो" कसं सिद्ध करणार? धाकटा बाहेर येऊन आमच्याच अंगावर ओरडला. गाडी हातची जाईल म्हणून. दोघांत अडीच दिवस बोलणं नव्हतं. एकाच ताटात जेवणाऱ्यांना हे जड जातं.

तिसऱ्या दिवशी सही-शिक्क्याचं पत्र आलं. मिस्त्रीला नेऊन गाडी तपासून घेतली, मग पैसे दिले. क्लच कागदाबाहेर राहिला, त्यासाठी धाकट्याने कारखान्यातल्या मित्रांच्या भिशीत नाव घातलं.

पत्र आणि वॉरंटीचा कागद अम्मीने घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ट्रंकेत ठेवला. मुदत संपायची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर उर्दूत लिहून घेतली आहे. आणि इतक्या हौसेने आणलेली ती गाडी धाकटा हायवेला साठाच्या वर नेत नाही. मागून ट्रकवाले हॉर्न देतात.