उन्हाळ्यातील तलाव

भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. परंतु डोंगा आणि जाळे येथील ढिवरांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कारण हा तलावांचा जिल्हा. त्यांतील कित्येक तलाव कोहळी शेतकऱ्यांनी बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. आद्याक्षरे जोडून लोक त्यांस ‘मामा तलाव’ म्हणू लागले.

वैशाखात पाणी आटते, मासे खोलगट डोहात गोळा होतात आणि जाळे लवकर भरते. परंतु जाणता ढिवर नेमका तेव्हाच हात आखडता घेतो. शेवटचा मरळ मासाही उचलला, तर पावसाळ्यात अंडी कोण घालणार? पिलांना आसराही हवा. तो पाणवनस्पती देतात. बेशरमीची झुडपे माजली की त्या नाहीशा होतात. म्हणून या शतकात भंडारा-गोंदियाकडील काही गावांतील ढिवर स्त्रियांनी तलावांत उतरून बेशरम उपटली आणि देशी वनस्पती लावल्या.

शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे खाणार नाही. तलावात राखलेला मासा हे ढिवराचे बियाणेच होय.