हँगरमधला समुद्र

‘समुद्र बघायला जर्मनीत? अगं, आमच्या परसदारी आहे की!’ ही आईची पहिली रिअ‍ॅक्शन. टेक्निकली तिचं बरोबरच होतं. तिचं माहेर गुहागरचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की वाळू आणि पुढे थेट अरबी समुद्र. आणि आम्ही निघालो होतो भर फेब्रुवारीत, मायनस पाचमध्ये, बर्लिनपासून साठेक किलोमीटरवर छपराखालचा समुद्र बघायला! प्लॅन अर्थातच दादाचा. तो बर्लिनमध्ये सॉफ्टवेअरवाला. थंडीत सहा वर्षांच्या मुलीला घरात कोंडून वैतागलेले आईबाप शेवटी जे करतात, तेच त्यानं केलं. ‘ट्रॉपिकल आयलंड्स’मध्ये एका रात्रीचं बुकिंग.

बर्लिनहून रिजनल ट्रेननं तासाभरात ब्रांड नावाचं पिटुकलं स्टेशन येतं, तिथून पुढे बस. दोन्हीकडे पाईनची झाडं, बर्फ, सगळं कसं ब्लॅक अँड व्हाइट. आणि मग एकदम समोर तो घुमट. 360 मीटर लांब, 210 मीटर रुंद, 107 मीटर उंच आणि आत एकही खांब नाही!

हे प्रकरण मुळात पोहण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. इथे सोव्हिएत हवाई दलाचा तळ होता. 1992 मध्ये रशियन गेले आणि मग ‘कार्गोलिफ्टर’ नावाच्या कंपनीनं इथे हा हँगर उभारला. 160 टन माल उचलणारं महाकाय एअरशिप त्यात बनवायचं, असा भन्नाट फंडा होता. हँगर 2000 मध्ये तयार झाला, 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एअरशिप शेवटपर्यंत बनलंच नाही. हजारो सामान्य जर्मन शेअरहोल्डर्सचे पैसे त्यात गेले. मग एका मलेशियन कंपनीनं तो विकत घेतला, आत वाळू ओतली, झाडं लावली आणि डिसेंबर 2004 मध्ये चक्क बीच सुरू केला. दक्षिणेकडच्या छताला पारदर्शक फॉइल लावलंय, त्यामुळे खरं ऊनही आत येतं. म्हणजे आलं तर. आम्ही गेलो तेव्हा सूर्य रजेवर होता.

आत पाऊल टाकलं आणि आईचा चष्मा धुक्यानं भरला. आत 26 डिग्री! स्वेटर, मफलर, लोकरी मोजे असा सगळा संसार लॉकरमध्ये कोंबला. मनगटावर चिपवाला पट्टा मिळतो. खा, प्या, तो टेकवा, हिशेब बाहेर पडताना. (त्या हिशेबाबद्दल दादा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.) बालीचं प्रवेशद्वार, बोर्निओचं लांबलचक घर, आणि मधोमध पन्नास हजार झाडांचं रेनफॉरेस्ट. तिथे आई एका झाडापाशी थबकली.

‘ही केळ ना गं?’

‘हो.’

‘केळ बघायला तिकीट?’

पण खरा प्रश्न माझ्या बॅगेत होता. दादरला घेतलेला, गुडघ्यापर्यंतचा, स्कर्ट जोडलेला स्विमिंग कॉश्च्युम. तो मी तिला न सांगता आणला होता. बघितल्यावर ती चिडलीच. ‘एकसष्टाव्या वर्षी हे शोभतं का?’ मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आम्हाला घोट्याच्या वर पाण्यात जाऊच दिलं नाही कधी. भाऊ पोहायचे. आम्ही त्यांचे कपडे सांभाळत काठावर.’

हे मला माहीतच नव्हतं. दर मे महिन्यात आम्ही गुहागरला जायचो, मी पाण्यात धिंगाणा घालायचे आणि आई वाळूत बसलेली असायची. मला वाटायचं, तिला आवडत नाही.

शेवटी काम केलं पुतणीनं. ‘आजी, कोम!’ म्हणत तिचा हात धरून घेऊन गेली. पाणी 28 डिग्री, उभं राहता येईल इतपतच खोल, समोर रंगवलेलं निळं आभाळ. आई आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. नाक धरून डोकं बुडवलं आणि वर येऊन असं काही हसली की वहिनी मोबाइल शोधायला धावली.

आणि तेवढ्यात मागून आवाज, ‘अय्या, मराठी का तुम्ही?’

जगात कुठेही जा! पुण्याच्या काकू. पंजाबी ड्रेसमध्ये, आरामखुर्चीत, आजूबाजूला अख्ख्या कुटुंबाच्या पिशव्या. आई पाण्यातून बाहेर येत होती, ती जागीच थांबली. आणि खरं सांगू? मी टॉवेल घेऊन तिच्याकडे धावले. थंडी वाजेल म्हणून नाही. तिला झाकायला. ऑफिसात स्लीव्हलेस घालून फिरणारी, कॉश्च्युमची आयडिया जिची होती, ती मी!

आईनं टॉवेल घेतला, केस पुसले आणि परत माझ्या हातात दिला.

‘या की, छान कोमट आहे पाणी,’ ती काकूंना म्हणाली.

‘नको बाई, जावईबापू आहेत बरोबर.’

‘माझा मुलगा पण आहे,’ असं म्हणून आई वळली आणि पुन्हा पाण्यात गेली. काकू बराच वेळ बघत होत्या. पिशव्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत.

रात्री वाळूतल्या तंबूत झोपलो. (पाठीचे आजार असतील तर रूम घ्या, आगाऊ.) सकाळी जाग आली तर शेजारची गादी रिकामी. बाहेर येऊन बघते तर आई पाण्यात, एकटीच, पुतणीची गुलाबी फुगवलेली रिंग पोटाशी धरून पाय मारत होती. पुढे कमी, जागच्या जागीच जास्त. चप्पल, चष्मा, पर्स काठावर तशीच टाकून.

मी तिथे जाऊन बसले, पर्सपाशी.